शेवटच्या दिव्याचं बूच

सलीमभाई गेले हे मला मी शिकवते ती मालगुंडची शाळा सुटल्यावर परतीच्या एसटीत कळलं. आमचा दिग्दर्शक दिलीप फोनवर म्हणाला, "झोपेतच गेले गो..." खरं सांगते, दुःखाच्या आधी मला भीती वाटली. आता काळोखात माझ्या पायांकडे कोण बघणार?

आमचा रत्नागिरीतला हौशी नाट्यसंघ. सलीमभाई राजिवड्याचे, घरचा धंदा मासेमारीचा, पण तरुणपणी आखातात एका हॉटेलात रंगमंचाचे दिवे सांभाळायला गेले आणि ती विद्या घेऊनच परतले. स्पर्धेसाठी बसवलेल्या नव्या नाटकात मला माणसाच्या डोक्याहून उंच लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर, एकटीनं उभं राहायचं होतं. भोवती मिट्ट काळोख, माझ्यावर एकच दिवा, आणि तेवढ्या उजेडात पायऱ्या उतरायच्या. मला काळोखाचं भय लहानपणापासूनचं. पहिल्या तालमीत पाय उचलेना, तेव्हा ते लाइटच्या बोर्डावरून उठून आले. "भिऊ नको गो बाय. मी पण भितो. भिणाराच दिवे नीट लावतो."

कशाला भिता, असं मी विचारलं, तर मला खालीच बसवून समजावलं. बोर्डातून एक वायर निघते, पहिल्या दिव्यात जाते, तिथून दुसऱ्यात, अशी शेवटच्यापर्यंत. त्या वायरीतून नुसते आकडे धावतात. कुठल्या दिव्यानं किती उजळायचं ते. सगळे आकडे सगळ्या दिव्यांवरून जातात, प्रत्येक दिवा आपला नंबर आला की तेवढाच उचलतो. काही बदललं नाही तरी बोर्ड तेच पुन्हापुन्हा सांगत राहतो. "तू वर्गात नंबरानं हजेरी घेतेस ना, तसंच. फरक एवढाच, हितं कोण हजर म्हणत नाय." म्हणून ते बोर्डाकडे कमी आणि दिव्यांकडे जास्त बघायचे, आणि माझ्या प्रवेशात माझ्या पायांकडे. दिलीपला एकदा रंगमंचावरची फळी त्याच वायरीवरून उघडायची हौस आली. सलीमभाईंनी साफ नकार दिला. माणूस पडेल अशी वस्तू या वायरीवर नको म्हणाले.

शेवटच्या दिव्याच्या मागे ते बोटाएवढा काळा प्लग लावायचे. आम्ही त्याला बूच म्हणायचो. ते कशाला हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका दौऱ्यात ते कचऱ्याबरोबर झाडून गेलं, तेव्हापासून प्रयोग संपला की बूच काढून ते शर्टाच्या खिशात टाकायचे. शेवटच्या कार्यक्रमानंतरही तसंच टाकलं असणार...

ते गेल्यावर पुन्हा तालीम सुरू झाली. बोर्डावर दिलीप. मी लेव्हलवर चढले, काळोख झाला आणि माझ्यावरचा दिवा थरथरू लागला. विझे, उजळे, पुन्हा विझे. दिलीप खालून ओरडला, "मी हात पण लावलेला नाय!" पायरी कुठे संपते तेच दिसेना. मी बसत बसत, कठडा धरून उतरले. दुसऱ्या संध्याकाळी तेच. दिलीपनं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सलीमभाईचा जीव हितं कशात अडकला असंल तर सोडव रे म्हाराजा." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणालो. प्रत्येक नारळाला हे दोन शब्द सर्वांत मोठ्यानं सलीमभाईच म्हणायचे. तो आवाज नव्हता, आणि दिवा थरथरतच होता. स्पर्धा तोंडावर आली होती. मी दिलीपला सांगून टाकलं, मी त्या लेव्हलवर चढणार नाही.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी राजिवड्याला गेले. सलीमभाईंच्या बायकोनं, भाभींनी, माझ्या हातावर ते बूच ठेवलं. "ह्ये त्यांच्या खिशात होतं. कसलं ते म्हाइत नाय, फेकवत पण नाय." मी ते घेऊन वायरिंगचं काम करणाऱ्या एका ओळखीच्याकडे गेले. तो म्हणाला, आकडे शेवटच्या दिव्याला पोचले आणि तिथं या बुचानं वायर बंद केलेली नसली, की ते उलटे फिरतात आणि मागून येणाऱ्यांवर आदळतात. मग दिव्याला कळत नाही कुणाचं ऐकायचं.

त्या संध्याकाळी बूच मीच लावलं. दिवा शांत झाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि मला मात्र रडू कोसळलं. इतके दिवस ज्याला भीत होते ते सलीमभाई नव्हतेच. म्हणजे ते खरंच कुठेही नव्हते.

स्पर्धेत मी पायऱ्या उतरले. बूच आता माझ्या पर्समध्ये असतं. प्रयोग संपला की मीच ते काढते. काढताच तो दिवा थरथरतो, आणि मी त्याच्याकडे बघत उभी राहते. दिलीप विचारतो, "बंद करू काय गो?"

मी म्हणते, थांब जरा.