वालपापडीला दिवस गेले

फुलावर आलेलं झाड उपटताना जोगळेकरकाकूंना मी कधी पाहिलं नाही. बाकी कशाचीही त्या गय करत नसत. नवऱ्याची नाही, माझी नाही, गोगलगायींची तर नाहीच. हॉलंडमधल्या झूटरमेरमध्ये आमच्या घरांमागे एका संस्थेचे भाजीपाल्याचे तुकडे वर्षाच्या भाड्याने मिळत. दोन हजार पाचच्या सुमाराला मेथी लावायच्या हौसेने मी तिथे गेलो आणि काकूंच्या तुकड्यावरचा बिनपगारी गडी झालो.

"तुम्ही आयटीवाले बसून बसून फुगता. घे फावडं," ही आमची पहिली ओळख.

ऑक्टोबर आला की काकूंच्या अंगात यायचं. टोमॅटोची वाळकी झाडं काढायची, काठ्या धुऊन खोपटात ठेवायच्या, चरातला गाळ उपसायचा, जमीन उलथून शेणखत पसरायचं, लसूण लावायची. फावडं माझ्या हातात आणि चहाचा थर्मास त्यांच्या. "हळू रे! जमीन खणतोयस, विहीर नाही."

सगळं रिकामं झालं तरी एक वेल उभीच असायची. वालपापडीची. बी काकूंच्या माहेरचं, मिरजेचं. उन्हाळाभर ही बया मांडव चढून शेजारच्या खोपटावर जायची, पण फुलाचं नाव नाही. दिवस लहान झाले की मग तिला कळ्या धरायच्या, नेमक्या संस्थेच्या तपासणीच्या तोंडावर. तेव्हा तुकडा मोकळा हवा, असा नियम. काकूंना दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा तुकडाच जाणार होता, आणि तपासायला येणारा बर्ट हा निवृत्त पोस्टमन नियमाला पक्का.

"काकू, या वर्षी उपटू या ना," मी अजिजीने म्हणालो.

"तिला दिवस गेलेत. अशा बाईला कुणी घराबाहेर काढतं का?"

तपासणीच्या शनिवारी मी आणि माझी बायको वृंदा तिथे पोचलो, तर मांडवाला हिरवीगार साडी नेसवलेली. काकूंनी वेलीचं डोहाळजेवण मांडलं होतं! वृंदाने तांदूळ-नारळाने ओटी भरली आणि तेवढ्यात बर्ट आला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"गरोदर आहे ती," काकूंनी अस्खलित डचमध्ये सांगितलं.

"नियमात गरोदरपण नाही."

"नियम लिहिणारे सगळे पुरुषच ना?"

काकूंनी झाकलेल्या दोन वाट्या बर्टपुढे धरल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. त्याने भीत भीत एक उघडली. बर्फी. ती त्याने उभ्या उभ्या खाल्ली आणि तार आल्यासारखं गंभीरपणे जाहीर केलं, "मुलगी." मग म्हणाला, "पहिली गोठवणारी रात्र येईपर्यंत राहू दे. त्यानंतर एक दिवसही नाही."

तो गेल्यावर वृंदा साडीची घडी घालू लागली. "काकू, ही तर कोरी आहे!"

"माझ्यासाठीच घेतली होती गं आईने. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. पण माझी वेळ काही आली नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय बघतोस? लसूण कोण लावणार, बर्ट?"

नोव्हेंबर लागता लागता ती रात्र आलीच. सकाळी गेलो तर वेल काळी पडून लोंबत होती. दोन-चार शेंगा धरल्या होत्या, त्याही पोकळ. मी पुढे झालो तशा काकू म्हणाल्या, "थांब. माहेरची आहे, मी काढते." त्यांनी ती मुळापासून हळूच सोडवली आणि कितीतरी वेळ तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

एव्हाना बर्ट सायकलवरून उतरला होता. तुकडा मोकळा झाला होता, आता कुणी तो काढून घेणार नव्हतं. त्याने तुकड्याकडे पाहिलंही नाही. काकूंकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

काकूंनी नाक पुसलं आणि चक्क मराठीत त्याच्यावर खेकसल्या, "टोपी घाल मेल्या, सर्दी होईल!"

त्याने मुकाट्याने टोपी घातली.