मामांचा परदेशातला पोळा

आमच्या वसतिगृहाच्या मेसचे मामा चुलीपेक्षा जास्त तापायचे. कुणी ताटात भाकरी टाकून उठला, की सगळ्या पंगतीसमोर विचारायचे, "काहून टाकली? ज्वारी तुह्या बापानं निंदली का?" माझ्या वडिलांनी खरोखरच खुरपं धरून निंदली नव्हती, ते अकोल्याला कचेरीत कारकून होते. तेव्हापासून मी ताट पुसून उठतो. बायकोला वाटतं, तिच्या हाताला चव आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला, दिवाळीच्या सुटीत, अमरावतीच्या आमच्या कॉलेजातली बारा मुलं नेपाळातल्या एका खेड्यात शाळा बांधायला गेली. त्यांत मी होतो. "परदेशात सेवा करून आलोय" हे वाक्य पुढं लग्न जमवताना फार कामी आलं. बरोबर आमचे सर आणि स्वयंपाकाला मामा. मामा अंजनगाव सुर्जीकडचे. नेपाळातले डोंगर बघून म्हणाले, "आपला मेळघाटच हाय, फक्त उभा करून ठेवला."

आठ दिवस आम्ही नदीतून दगड वाहिले. खरं सांगायचं तर दगड वाहायची गावातली माणसं, कपाळाला पट्टा लावून पाठीवरच्या टोपलीतून. आम्ही एकेक धोंडा खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं कण्हत चालायचो. तरी सोलवटले ते आमचेच खांदे. शेवटी सरांनी एक दिवस विश्रांतीचा जाहीर केला.

आदल्या संध्याकाळी मामांनी लोणी आणि हळद कढवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडं बैलांचे खांदे शेकतात, तसे त्यांनी आमच्या बाराही जणांचे खांदे शेकले. "आज आवतन घ्या रे पोट्टेहो, उद्या जेवाले या. उद्या तुमचा पोळा." मी बैलाहूनही शहाण्यासारखा मान खाली घालून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठी उन्हात पसरलो होतो. अमरावतीहून वाहून आणलेल्या डाळीचं पुरण शिजत होतं. आणि आमच्या उशापायथ्याशी तीच गावातली माणसं दगड वाहत होती. त्यांत एक म्हातारी होती, सत्तरीची तरी असेल. मामांनी झारा खाली ठेवला.

"सर, हे लोक काहून वाहून राह्यले? आज तं सुट्टी हाय."

"सुट्टी मुलांना, मामा. उद्या काम अडायला नको. आणि त्यांना सवय असते."

"सवय बैलालेबी असते, सर. पोळ्याच्या दिशी आमच्या गावात कोनी बैल जुपत नाई. जुपला तं त्याच्या घरी कोनी पानी पेत नाई. अन् हे तं मानसं हायेत."

सर म्हणाले, "तुम्ही पोळ्या लाटा."

मामांनी लाटल्या. मग पातेलं उचलून नदीत उतरले, म्हातारीच्या पाठीवरची टोपली स्वतः उतरवली, सगळ्यांना खडकावर बसवलं आणि वाढलं. त्या दिवशी पुन्हा कुणी टोपली उचलली नाही. सरांनी फक्त एवढंच म्हटलं, "अमरावतीला गेल्यावर बघू." मामांना गावी वीतभर जमीन नव्हती, घरी तीन मुली होत्या, आणि मेसची नोकरी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या हातात होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

परतल्यावर आमचा सत्कार झाला. हार, फोटो, मानवतेवर भाषण. भाषण सरांचं. त्याच आठवड्यात मामांनी काम सोडून गोंधळ घातला, अशी लेखी तक्रार अधीक्षकांकडं गेली. तीही सरांचीच. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. माणुसकीवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एका म्हातारीचा एक दिवस जड व्हावा, आणि त्यावर टाळ्या पडाव्यात!

अधीक्षकांनी आम्हाला एकेकट्याला बोलावून विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं?"

माझे अंतर्गत गुण सरांच्या हातात होते. मी म्हणालो, "मी झोपलो होतो."

बाकीचे अकरा काय म्हणाले, ते मी कधी विचारलं नाही. महिनाअखेर मामांना जायला सांगितलं, त्यावरून काय ते कळलंच.

चौकशीच्या दिवशी मी अधीक्षकांच्या खोलीबाहेर आलो, तर मामा दारालगत उभे होते. आतलं सगळं ऐकू येत होतं तिथं. मला वाटलं, आता सगळ्या वसतिगृहासमोर तापतील. मला ते हवंही होतं.

"दुपारचा उपाशी हायेस," ते म्हणाले. "तुहं ताट झाकून ठेवलं हाय. जाय, जेवून घे."

आणि मी गेलो. पोटभर जेवलो.