कोरड्या दिवसाची तपासणी

कारखान्यांच्या वायरिंगची तपासणी करणं हा माझा धंदा, आणि भांडण हा त्यातला निम्मा भाग. बाई आली की मालकांना वाटतं, चहा पिऊन सही करून जाईल. चहा मी पिते. सहीचं नंतर बघू.

जूचंद्रला खाडीच्या अंगाला माझ्या सासऱ्यांच्या एका मित्राचा वेफर्सचा कारखाना आहे. घराणं मूळचं भातशेतीवालं, आता शेताच्या जागी शेड. विजेच्या तपासणीचा कागद हवा होता, म्हणून त्यांनी मे महिन्यात मला बोलावलं. बटाटे धुण्याच्या मशीनवरची बाई दारातच म्हणाली, "ताई, मशीनला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात." बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. "हिच्या अंगात येतं, ताई! पुढच्या वेळी खण-नारळ घेऊन या." ती बिचारी ओशाळली. मी मात्र तिच्या पायांकडे पाहिलं. खाली सगळी ओली फरशी, आणि खायची वस्तू म्हणून या सगळ्या चपला बाहेर काढून अनवाणी उभ्या.

मालकांना, म्हणजे सासऱ्यांच्या त्या मित्राला, मी काकाच म्हणते. काकांना म्हटलं, आधी अर्थिंग बघते. मशीनमध्ये वीज गळली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून मशीनपासून बाहेरच्या खड्ड्यापर्यंत लोखंडी पट्टी टाकतात, तेच ते.

काका हसले. "बाय, खाडीकाठची जमीन आमची. पानी खारं, बारा महिने ओल. इथे अर्थिंग तपासायचं म्हंजे समुद्रात मीठ हाय का ते बघायचं!"

"नियमात कोरड्या ऋतूतला कोरडा दिवस सांगितलाय काका. पावसात सगळ्यांचंच चांगलं येतं."

खड्ड्यातलं अर्थिंग मीटरने मोजलं. उत्तम! काकांनी टाळीसाठी हात पुढे केला. "शितावरून भात कळतो गो. कर आता सही."

टाळी दिली, पण सही नाही. मीटरची एक तार मशीनला लावली, दुसरी खड्ड्याला. दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता! भिंतीलगतची माती उकरायला लावली. मोटारीला दोन वेगळ्या पट्ट्या हव्यात असा नियम, दोन होत्याही. दोन्ही जमिनीखाली गंजून भुगा झालेल्या. ज्या खाऱ्या ओलीवर काकांचा एवढा भरवसा, तिनेच त्या खाल्ल्या होत्या. त्यात गळती झाली की वीज तोडणारा स्विच 'सारखा पडतो' म्हणून कोणीतरी काढून ठेवलेला.

"मेन बंद करा," मी म्हटलं.

"अगो, लग्नसराई हाय! ऑर्डरी पडल्यात. आज सही दे, रविवारी पट्ट्या बदलतो. इतकी वर्षं कोनाला काय झालं?"

माझं डोकंच फिरलं. "काय होईल ते हिला होईल ना, म्हणून सुचतंय तुम्हाला! चपला काढा काका. या फरशीवर उभे राहा आणि सगळ्यांसमोर मशीनला हात लावा. लगेच सही करते."

त्यांनी हात नेला असता तर मीच मागे ओढलं असतं, पण ते त्यांना कुठे ठाऊक? काका खरंच वाकले. हात चपलेच्या बंदापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी मान वर करून त्या बाईकडे पाहिलं. मग उठले आणि स्वतःच्या हाताने मेन पाडला. "पट्ट्या होईस्तोवर सुट्टी," ते म्हणाले. "पगारी."

तांब्याच्या पट्ट्या पडल्या, स्विच बसला, वीज गळणारी मोटार दुरुस्त झाली. मी परत जाऊन मशीनपासून खड्ड्यापर्यंत सगळं मोजलं, एकूण एक चोख. मेन चालू केला. ती बाई मशीनपर्यंत आली, पण तिचा हात काही पुढे होईना.

"अहो, मीटर दाखवतोय ना, काही नाही आता," मी म्हटलं.

ती मीटरकडे बघत राहिली. दारातल्या बायकांपैकी आज कोणी हसलं नाही.

काका चपला काढून आत आले. ओल्या फरशीवर तिच्या शेजारी उभे राहिले, डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही तळवे मशीनवर टेकवले. तसेच उभे राहिले. मशीन घरघरत होतं.

तिने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पदर खोचला.

"काय शेट, अंगात नाही ना आलं? सरका आता, बटाटे धुवायचेत."

सही मी त्यानंतर केली.