कडकट्टकाकांचा हात

कडकट्टकाका हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की गॅसवालाही त्यांना त्याच नावाने हाक मारायचा. नोकरीत असताना काका पाणीखात्याच्या वर्कशॉपमध्ये मीटर दुरुस्त करत. पण मीटर पोटासाठी. जीव अडकला होता रेडिओत, आणि तोही ऐकायच्या नव्हे, बोलायच्या. मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली त्यांचं टेबल. त्यावर साबणाच्या डबीत मावेल एवढं यंत्र, स्वतः जुळवलेलं, आणि शेजारी तारखात्यात असायची तशी पितळेची की, म्हणजे ठोके पाडायची दांडी. ती दाबली की कड-कट्ट असे लांब-आखूड ठोके हवेत जायचे आणि त्या ठोक्यांची अक्षरं व्हायची. गच्चीवर ताणलेली एक तार सोडली तर बाकी पसारा काही नाही.

आणि वीज किती? झोपायच्या खोलीतला बारका दिवा खाईल तेवढी. बाकीचे हौशी लोक भलीमोठी यंत्रं आणून हवा दणाणून सोडत. काकांना त्याचा भारी तिटकारा.

"ओरडून काय, कोणीही बोलेल! कुजबुजीत समुद्र ओलांडून दाखवा."

"घरात मात्र मोजा सापडला नाही तरी तीन मजले ऐकतील असं ओरडता," काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हा ही की घरात होतीच. पहिलं वर्ष त्या ठोक्यांनी हैराण झाल्या. मग इतकी सवय झाली, की सकाळी ठोके ऐकू आले नाहीत तर हातातलं काम टाकून बघायला यायच्या.

समुद्रापलीकडे एक जण होता. बोटीवरच्या वायरलेसवर उभी हयात काढलेला, म्हणून काका त्याला खलाशी म्हणत. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ना फोन, ना पत्ता. रोज सकाळी चहाच्या वेळी हवेतल्या ठरलेल्या जागी दोघं भेटायचे. काय ते दिवस! दोघांची पोरं त्या ठोक्यांतच जन्मली, पास-नापास झाली, घराबाहेर पडली. खलाशाची आजारी बायको गेली त्या सकाळी त्याने एकही अक्षर पाठवलं नाही. नुसती की दाबून धरली. एक लांबच लांब सूर आला. काका इकडे हात जोडून बसले, तो थांबेपर्यंत हलले नाहीत.

या रेडिओवाल्या लोकांत माणूस ओळखतात तो हातावरून. ठोके सगळ्यांचे तेच, पण प्रत्येकाची लकब निराळी. काकांचा हात म्हणजे मोत्याचे दाणे! आणि त्यांना त्याचा ताठाही होता, उगाच कशाला झाकायचं? एखादा थकलेला माणूस अडखळत वाजवायला लागला, की हे म्हणायचे, "हा बोलतोय का भांडी घासतोय?"

मग काकांनाच झटका आला. हलकाच होता, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात. चालणं आलं, बोलणं आलं, पण उजवा हात थरथरू लागला. दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी गॅलरीचं दार लावून की दाबून पाहिली. कुठे आखूड ठोका दोनदा पडला, कुठे लांब मध्येच तुटला. त्यांनी कीवर फडकं टाकलं आणि त्या दिवसापासून फक्त ऐकत बसू लागले.

रोज सकाळी खलाशी हाका मारायचा. थांबायचा. पुन्हा मारायचा. इकडे काकांच्या तोंडात मिठाची गुळणी.

"मला अक्षरं कळत नाहीत," काकू एकदा भडकल्याच, "पण तुमच्या नावाची हाक इतक्या वर्षांत मला पाठ झालीय. तो बिचारा घसा फोडतोय आणि तुम्ही ढिम्म! काय म्हणावं तुम्हाला?"

"हात गेलाय माझा. त्याच्यासमोर असं वाजवू? त्यापेक्षा त्याला मी आठवणीतलाच बरा."

हळूहळू हाका कमी झाल्या. आणि एका सकाळी खलाशी काकांना नव्हे, दुसऱ्याच एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याला बोलावून सांगू लागला. या लोकांत कोणी वारलं म्हणत नाहीत, 'की शांत झाली' म्हणतात. मग त्या माणसाची कॉल साइन, म्हणजे त्याचं हवेतलं नाव, शेवटची एकदा वाजवायची आणि सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं. खलाशाने तेच केलं. काकांचीच कॉल साइन, सावकाश, एकदाच. मग हवेत नुसती खरखर.

काका पांढरेफटक पडले. "अगं, मी गेलो म्हणे."

"मग हा चहा कुणाला देऊ?" काकूंनी कप आपटलाच. "माझ्या जिवंत नवऱ्याला मारणारा हा कोण लागून गेला? सांगा त्याला! आत्ताच्या आत्ता सांगा!"

काकूंनीच कीवरचं फडकं ओढलं. काकांनी बोटं ठेवली. कॉल साइन अडखळत गेली, एक अक्षर चुकलं, पुन्हा पाठवलं.

तिकडून ताडकन उत्तर आलं, "हा हात त्याचा नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा करू नका."

ज्या एका माणसाने काकांना नुसत्या हातावरून ओळखलं होतं, तोच ओळख नाकारत होता. आता की सोडली तर कायमचीच. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि एकेक अक्षर ढकलत पाठवलं, "हात गेला. मी आहे."

खरखर.

मग ठोके आले. खलाशी एरवी वाऱ्यासारखा वाजवणारा, काकांचीही तारांबळ उडवणारा. आज मात्र एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. काकांच्याच चालीने, जिन्यावर म्हाताऱ्या भावाचा हात धरून उतरावं तसं.

"सावकाश बोल. मी कुठे जात नाही."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अहो, काय म्हणाला?" काकूंनी खांदा हलवला. "सांगा ना!"

"सांगतो," काका म्हणाले. "आधी त्याला उत्तर देऊ दे. मला वेळ लागेल."