थोरला टोबायस, धाकटा टोबायस

व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या व्हर्लीन स्टकीने बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर मात्र तिने पूर्वजांचा पिच्छा पुरवला. आठ पिढ्या मागे गेल्यावर, इंग्रज राजाच्या अमलातल्या जमिनीच्या कागदांत तिला दोन नावं सापडली: टोबायस स्टकी थोरला आणि टोबायस स्टकी धाकटा. धाकटा तिच्या कुळाचा थेट पूर्वज होता; थोरल्याला तिने त्याचा बाप ठरवून टाकलं. थोरल्याचं थडगंही सापडलं, आणि दर मे महिन्यात सगळं कुळ तिथे फुलं घेऊन जमू लागलं.

परवा कोर्टात जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या बाईने थोरल्याचं मृत्युपत्र तिच्यापुढे ठेवलं. "ताई, याला मूलबाळ नव्हतं. त्या काळी धाकटा म्हणजे मुलगाच असं नाही. गावात त्याच नावाचा वयाने लहान माणूस असला, तरी तसं लिहीत."

आणि धाकट्याचे आईबाप कोण, हे कागदांत कुठेच नव्हतं.

"म्हणजे एवढी वर्षं आपण परक्याला फुलं घातली," घरी तिचा नवरा ड्वाइट म्हणाला. "बिचाऱ्याने कधी तक्रार नाही गं केली."

व्हर्लीनला हसू आलं नाही. रविवारी थडग्यापाशी ऐंशी माणसं येणार होती, आणि एक्क्याण्णव वर्षांची आईसुद्धा. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात आईचाच फोन आला. "पोरी, थोरल्या टोबायस आजोबांच्या थडग्यावरचं गवत काढलंस का?"

"जाते गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. खुरपं घेऊन ती गाडीत बसली. त्या निपुत्रिकाचं गवत काढायला दुसरं कोण जाणार होतं?