स्टुलाचा चौथा पाय

कातारीकाकांचा हात लाकूड कातायच्या लेथवर इतका बसलेला होता, की वाकडं काही करायचं म्हटलं तरी त्यांच्याकडून होत नसे. पस्तीस वर्षांत याची अडचण कुणालाच झाली नव्हती. झाली ती त्यांच्या बायकोला.

त्याचं असं झालं, की घरातल्या जुन्या स्टुलाचा एक पाय मोडला. हे स्टूल म्हणजे काकांचं पहिलंवहिलं काम, आणि तेच काखोटीला मारून ते काकूंना मागणी घालायला गेले होते. पायांवरची कडी कुठे जाड, कुठे बारीक. एका पायानं तर चांगलंच बाळसं धरलेलं. काकांना ते नजरेसमोरही नको असे. काकू मात्र रोज त्याच्यावरच बसून भाजी निवडत.

“चारही नवे करून देतो,” काका म्हणाले.

“एकच करा. आणि या तिघांसारखाच.”

लाकूडही तेच हवं होतं. काका विकतचं लाकूड कधी आणत नसत; आसपास झाड पडलं, की झाडाच्या मालकाआधी हे तिथे हजर. स्टूल ज्या चिंचेच्या लाकडाचं होतं, तिचे चारच तुकडे पलंगाखाली उरले होते, लोखंडासारखे कडक झालेले.

पहिला पाय देखणा झाला. काकूंनी परत केला. दुसरा त्याहून देखणा. तिसऱ्या वेळी काकांनी डोळे मिटून पटाशी धरली, तरी हातानं दगा दिला; पाय सुबकच निघाला. आता एकच तुकडा उरला आणि काका रडकुंडीला आले.

“एवढं काय आहे गं त्या वाकड्या पायांत?”

“एवढं वाईट काम घेऊन तुम्ही आमच्या दारात छाती फुगवून उभे होतात. म्हटलं, या माणसाला लपवाछपवी जमायची नाही. म्हणून हो म्हटलं.”

इतकी वर्षं काकांना वाटत होतं, बायको कारागिरीवर भाळली. मग जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पटाशी दुसऱ्याच्या हातात दिली.

काकूंनी पदर खोचला आणि लेथचं बटण दाबलं. ढलप्या उडाल्या. काका दोनदा ओरडायच्या बेतात आले आणि दोन्ही वेळा शब्द गिळून बसले. पाय असा बेढब निघाला, की जुने तिघे त्याच्यापुढे शहाणे दिसू लागले. बसवल्यावर स्टूल डुगडुगलं. काकांचा हात आपोआप पॉलिशपेपरकडे गेला.

तेवढ्यात काकूंनी स्टूल काखोटीला मारलं, बाहेर गेल्या आणि दारात ताठ मानेनं उभ्या राहिल्या.

“हे मी केलंय,” त्या म्हणाल्या. “मागणी घालायला आलेय. बोला.”

काकांनी पाय निरखून पाहिला. एकेक चूक मोजली. मग हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला.

“हो,” ते म्हणाले.