धवलारणीला बासची साथ

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर मधेच ओरडायला लागेन: फ्रेट नसलेल्या जुन्या बास गिटारइतकी सुंदर वस्तू जगात दुसरी नाही. ज्याला वाद घालायचाय त्याने डोंबिवलीला माझ्या घरी यावं. चहा करीन, ऐकवीन आणि हरवून परत पाठवीन.

साध्या गिटारच्या दांड्यावर धातूच्या बारीक आडव्या सळया ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. दोन फ्रेटच्या मधे कुठेही बोट दाबा, सूर बरोबरच येतो. फ्रेटलेसवर नुसतं गुळगुळीत लाकूड. बोट केसभर चुकलं की सूर गेलाच. पण बरोबर पडलं ना, तर एका सुरावरून दुसऱ्यावर असं घसरत जाता येतं, अगदी गळ्यातून निघाल्यासारखं! मी माझा पहिला फ्रेटलेस घरी आणलेला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, या फणीचे दात पडलेत. परत करून ये." मी बँकेत नोकरी करणारी, पन्नाशीला टेकलेली बाई. मला हे खूळ लागलं कुठून, हा प्रश्न सासरच्या सगळ्यांना पडलेला आहे.

लागलं ते बाळकुमच्या दादांमुळे. दादा म्हणजे कोळीवाड्यातले जुने बासवाले. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गावोगाव फिरलेले, आता पुतण्याच्या ग्रुपमध्ये हळदी-साखरपुडे वाजवतात. त्यांचा बास जपानी आणि जवळजवळ माझ्याच वयाचा. पॉलिश उडालेलं, शिसवी दांड्यावर तारा घासून घासून चर पडलेले. एका कार्यक्रमात मी तो ऐकला आणि संपल्यावर थेट स्टेजमागे घुसले. "बघू का हातात घेऊन?" म्हटलं, तर म्हणाले, "आधी हात धुवून ये." असा माणूस! केसांना कलप, मानेला अत्तर, आणि तोंडात कायम एकच, "माझ्यासारखा कान अख्ख्या ठाण्यात दाखव." मला ते खरंच वाटायचं. शिकायला जायला लागले ती त्या कानासाठीच.

आणि अशा माणसाचा एक दिवस फोन. "पोरी, कल्याणचा तो गिटार दुरुस्तीवाला तुझ्या ओळखीचा ना? सोमवारी मला फ्रेट बसवून घ्यायचेत."

माझं डोकंच फिरलं. त्या दांड्यावर करवत चालवणार? एकदा खाचा पाडल्या की पाडल्या, तो बास परत मिळत नाही. "दादा, वेड लागलंय का तुम्हाला?" मी चक्क ओरडले त्यांच्यावर.

मग हळूहळू बाहेर आलं. पुतण्या कीबोर्ड वाजवतो. त्याने एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकवून सांगितलेलं की काका, तुम्ही बेसूर जाता. पोरगा वाईट नाही, घाबरत घाबरतच बोलला असणार. दादांनी ते घरी पुन्हापुन्हा ऐकलं. खरंच कीबोर्डला त्यांचा बास जुळत नव्हता. "कान गेले माझे," ते म्हणाले. "फ्रेट असले म्हणजे कान लागत नाही. तेवढेच अजून वाजवीन चार दिवस."

रविवारी त्यांच्या भाचीच्या मुलीची हळद होती. "ये, शेवटचं ऐकून जा," असं आमंत्रण. नवऱ्याला गाडी काढायला लावली. शीळफाट्याला अडकलो तेव्हा बिचाऱ्यावर उगाच डाफरले, जसा काही ट्रॅफिक त्यानेच लावलेला.

कोळीवाड्यातल्या एका टॉवरच्या मागच्या गल्लीत मांडव घातलेला. ग्रुप जोरात, बायका नाचतायत, आणि मी खुर्चीत परीक्षेला बसल्यासारखी. पहिलं गाणं ठीक गेलं. दुसऱ्यात गाणारा पोरगा रंगात आला आणि तिथून बास कीबोर्डला सोडून गेला. थोडासाच, पण गेला. मला ऐकू आलं, म्हणजे सगळं खरंच होतं. इतकं वाईट वाटलं! दादा मान खाली घालून वाजवत होते.

मग ग्रुप थांबला, कारण धवले म्हणायची वेळ झालेली. धवले म्हणजे लग्नघरातली विधीची गाणी, आणि ती म्हणणारी ती धवलारीण. इथली धवलारीण दादांची थोरली बहीण, सगळ्यांची बाय. नवरीशेजारी चटईवर बसली आणि कुणाची वाट न बघता सुरू झाली. पुतण्याला वाटलं, आत्याला साथ द्यावी. त्याने एक पट्टी दाबली, जुळेना. शेजारची दाबली, तीही जुळेना. बाय नेमकी पांढरी पाच आणि काळी चार या दोन शेजारच्या पट्ट्यांच्या मधे गात होती. त्याने मशीनचा सूर सरकवून आणला, तोवर ती आणखी वर सरकलेली. "आत्या, जरा खाली घे ना," तो म्हणाला. बाय गाणं न थांबवता हातानेच म्हणाली, चल हो बाजूला.

आणि दादांनी एक तार छेडली.

एकच सूर, पण थेट तिच्या गळ्यातला! शोधाशोध नाही, चाचपणं नाही. ती कडव्यागणिक चढत होती आणि दादांचं बोट तिच्याबरोबर लाकडावरून सरकत होतं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हा माणूस जन्मभर गाणाऱ्याबरोबर जातोय! मघाशी गाणारा पोरगा रंगात येऊन वर चढला, तेव्हा दादा त्याच्याबरोबर चढले. कीबोर्ड तेवढा जागेवर राहिला.

"दादा, कान शाबूत आहे तुमचा!" मी उठून किंचाळले. चार बायकांनी मला "गप गं!" म्हणून खाली बसवलं. पुतण्याने मांडीवर हात ठेवलेले, तो नुसता ऐकत होता.

धवले संपले. दादांनी मला खुणेने बोलावलं. "बरोबर होतं?" एवढा मिजासखोर माणूस, पण आवाज अगदी बारीक. मी जोरजोरात मान हलवली. "तू माझीच बाजू घेणार," ते म्हणाले. पुतण्या म्हणाला, "काका, अगदी बरोबर होतं." त्याच्यावरही त्यांचा विश्वास बसेना. शेवटी ते बहिणीकडे वळले. "बाय, माझ्या वाजवण्याचा तुला त्रास नाही ना झाला?"

बाय पदराने तोंड पुसत होती. तिने आधी दादांकडे बघितलं, मग त्यांच्या गळ्यातल्या बासकडे.

"तू वाजवत व्हतास?" ती म्हणाली. "मना वाटला, आज माझाच गला लागलाय."